‘थांबूया’ म्हणताय, पण किती आठवडे?

*ताई, नमस्कार.*

*मी परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. २०२० च्या फेब्रुवारीत माझ्या वडिलांच्या गालाला आतून जखम झाली, ती भरेना. तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात ३० मार्चची तारीख मिळाली. देवगिरी एक्सप्रेसचं तिकीटही काढलं होतं. मग गाड्याच बंद झाल्या. जूनमध्ये पास मिळण्यासारखा होता, पण तेव्हा अण्णाच म्हणाले, मुंबईत जाऊन करोनाने मरण्यापेक्षा घरी बरा आहे. आम्हीही जोर केला नाही. ऑक्टोबरमध्ये गेलो तोवर जबड्याच्या हाडापर्यंत पोचलं होतं. २०२१ च्या मे महिन्यात अण्णा गेले. आणखी एक गोष्ट, जी मी कोणालाच सांगितलेली नाही. एप्रिल-मे २०२० मध्ये माझी ड्युटी जिल्ह्याच्या हद्दीवर चेकपोस्टला होती. पास नसलेल्या गाड्या मी परत पाठवत होतो.*

*आता माझ्या पत्नीला स्तनाचा कॅन्सर आहे. ऑपरेशन झालं. छत्रपती संभाजीनगरला दर एकवीस दिवसांनी केमो चालू आहे, आठपैकी दोन झाल्या, तिसरी येत्या बुधवारी. आणि टीव्हीवर पुन्हा कसल्याशा तापाच्या साथीच्या बातम्या सुरू झाल्यात. धाकटा भाऊ म्हणतो, रोग दवाखान्यातूनच घरी येतो, दोन महिने थांबू, वातावरण निवळू दे. आईही त्याच्याच बाजूची. थांबावं का? साथ खरंच वाढली तर काय करावं? आणि अण्णा आमच्यामुळे गेले का?*

*– एक शिक्षक, जि. परभणी*

गुरुजी,

आधी बुधवारचं बोलू. बुधवारी जा. केमोच्या आधी करतात ती रक्ताची तपासणी सोमवारी-मंगळवारी परभणीतच करून घ्या, रिपोर्टचा फोटो तिकडच्या वॉर्डात पाठवता येतो का विचारा, आणि जा. पांढऱ्या पेशी कमी आल्या म्हणून डॉक्टरांनी चार-आठ दिवस पुढे ढकललं तर ते वेगळं. तो त्यांचा निर्णय, आणि तो मोजून घेतलेला असतो. ‘वातावरण निवळू दे’ हा निर्णय कोणीच मोजलेला नसतो.

भावाच्या ‘दोन महिने थांबू’ या वाक्यात एक गृहीत धरलेलं आहे, की थांबण्याला काही लागत नाही. शेत पडीक ठेवल्यासारखं, पुढच्या हंगामात पेरू. ऑपरेशननंतरची केमो असते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या उरल्यासुरल्या पेशींसाठी. त्या एकवीस दिवसांचा हिशोब त्या पेशींना सावरायला किती वेळ द्यायचा आणि बाईला किती वेळ द्यायचा, यावर बांधलेला असतो. दोन महिने म्हणजे जवळजवळ तीन केमो. म्हणून डॉक्टरांना ‘थांबू का?’ असं मोघम विचारू नका. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळतं. विचारा की डॉक्टर, साथ वाढून रस्ते बंद झाले तर ही केमो जास्तीत जास्त किती आठवडे लांबलेली चालेल? त्यापुढे गेलं तर काय करायचं? उत्तर आठवड्यांत मागा आणि फाईलच्या पहिल्या पानावर त्यांच्याच हाताने लिहून घ्या. डॉक्टर घाईत असतात, मान्य. पण या एका ओळीसाठी दारात उभं राहिलात तरी चालेल.

सगळ्या कॅन्सरचं उत्तर सारखं येत नाही, हेही लक्षात असू द्या. थायरॉईडचे काही प्रकार, म्हाताऱ्या माणसाचा संथ चालीचा प्रोस्टेट, यांत डॉक्टर स्वतःच सांगतात की घाई नाही. हार्मोनवर वाढणारी स्तनातली गाठ असेल तर ऑपरेशनला उशीर होणार म्हणून मधल्या काळात गोळ्या सुरू करून ठेवता येतात. उलट, अचानक उद्भवणारा रक्ताचा कॅन्सर आठवडाभरही थांबत नाही, आणि तोंडाचा कॅन्सर किती वाट पाहतो हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून शेजारच्या कोणाचं तीन महिने थांबून चांगलं झालं, हे ऐकून घरात काही ठरवायचं नाही.

२०२० मध्ये मी मुंबईतल्या एका कॅन्सर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करत होते. एप्रिलपासून आमचं काम एकच, तारखेला न आलेल्यांना फोन लावायचे. टेबलावर ओपीडीची छापील यादी, हातात दोन स्केचपेनं. येतो म्हणाले की हिरवी खूण, नाही म्हणाले की लाल. फोनच लागला नाही तर नाव तसंच कोरं. संध्याकाळी यादी पाहिली की कोऱ्या नावांचीच गर्दी. कारणं ठरलेली असायची. गाडी नाही. मुंबईहून परत आलं की गावात घेत नाहीत, शाळेत चौदा दिवस ठेवतात. पैसे संपले. पण मला सगळ्यात धास्ती वाटायची ती ‘आता बरं वाटतंय, नंतर येऊ’ या उत्तराची. केमोचा त्रास थांबला की माणसाला बरंच वाटतं. तोंडाला चव येते, केस उगवायला लागतात. ते बरं वाटणं औषध थांबल्याचं असतं, रोग गेल्याचं नसतं. फोनवर हे समजावायला माझ्याकडे दीड मिनिट असायचं.

आमची ती यादी म्हणजे एका मोठ्या यादीचा तुकडा होता, हे नंतर कळलं. देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांनी मार्च ते मे २०२० चे आकडे आदल्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी ताडून पाहिले. २०१९ मध्ये नव्याने नाव नोंदवलेले रुग्ण होते १,१२,२७०. २०२० मध्ये ५१,७६०. म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं दारापर्यंत पोचलीच नाहीत. मोठी ऑपरेशनं १७,१२० वरून ८,६७७ वर आली. त्यातल्या त्यात शेक, म्हणजे रेडिएशन घेणारे सर्वांत कमी घटले, २३ टक्के. का, याचा माझा अंदाज सांगते. ज्यांचे शेक आधीच सुरू होते ती माणसं रुग्णालयाजवळच खोली घेऊन राहिलेली होती. आत होते त्यांचे उपचार बऱ्यापैकी चालले. अडकले ते बाहेरचे, लांबचे, नव्याने निदान झालेले. तुमचे अण्णा त्या न नोंदलेल्या नावांमधले.

आता भावाच्या मुद्द्याकडे. ‘रोग दवाखान्यातूनच घरी येतो’ हे वाक्य अगदीच पोकळ नाही. केमोवरच्या माणसाला संसर्ग जड जातो, रक्ताच्या कॅन्सरमध्ये तर जास्तच. पण दवाखाना म्हणजे एक खोली नव्हे. त्याच लॉकडाऊनमध्ये, २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात, परळच्या टाटा मेमोरियलमध्ये कॅन्सरची ४९४ ठरलेली ऑपरेशनं झाली. मुंबईत साथ चढत असताना. त्यांतल्या सहा जणांना नंतर करोना झाल्याचं आढळलं. ऑपरेशननंतर दगावलं कोणीही नाही. नशिबाने एवढं सगळं जमत नाही. ताप-खोकल्याची चौकशी दारातच, सोबत एकच माणूस, कर्मचारी पाळ्यांमध्ये विभागलेले, कोणाला कधी घ्यायचं याचा रोज नवा विचार, अशी ती आखणी होती. तुमच्या रुग्णालयात अशी आखणी आहे का, हे भावाला स्वतः जाऊन बघू द्या. डे-केअरच्या, म्हणजे केमो घेऊन त्याच दिवशी घरी जाणाऱ्यांच्या, खाटांमध्ये अंतर किती, ताप आलेला रुग्ण कुठे बसवतात, खिडक्या उघड्या असतात का. ते पाहून आला की मग त्याचं मत ऐकू.

आणि खरं सांगू? माझ्या मते वहिनींना जास्त धोका आहे तो तुमच्या ओसरीवर. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाणं हे कर्तव्य. शहाळं, बिस्किटाचा पुडा घेऊन येतात, तासभर बसतात, जाताना खोकतात. साथ असो नसो, केमो चालू असेपर्यंत भेटणाऱ्यांनी फोन करावा. वाईटपणा तुम्ही घ्या, वहिनींवर टाकू नका. भरलेल्या वडापच्या जीपमधून त्यांना नेऊ नका. घरात ज्याला सर्दी, तो दुसऱ्या खोलीत झोपेल. फ्लूची लस घरच्यांनी घ्यावी. वहिनींनी कोणती लस कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा, कारण केमोवर असताना जिवंत जंतूंच्या लशी देत नाहीत, बाकीच्या बऱ्याचशा चालतात.

आता जे सांगते ते दोनदा वाचा.

केमो झाल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली गेलेल्या असतात. या दिवसांत आलेला ताप हा साधा ताप धरायचा नाही. १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला की रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. सकाळ होऊ दे नाही, तापाची गोळी देऊन बघू नाही. गोळीने आकडा उतरतो, आतला जंतू उतरत नाही, आणि तपासणाऱ्याचीही दिशाभूल होते. जिभेखाली धरायचा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, कपाळावर रोखायची ती बंदूक नको.

एरवीच्या दिवसांत हे कठीण नाही. साथीच्या दिवसांत मात्र ताप म्हटला की माणूस सरळ साथीच्या रांगेत जातो. घाटावरची एक बाई आमच्याकडे केमो घेऊन गावी गेली होती. दहाव्या दिवशी ताप आला, १०१. भावाने मोटारसायकलवर तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे तापाच्या रांगेत बसवलं, घशाचा नमुना घेतला, रिपोर्ट उद्या येईल म्हणाले, तोवर त्या कोपऱ्यात बसा. सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत ती भिंतीला टेकून बसून होती. तीन वाजता भावाचा मला फोन आला की ताई, हिचे हातपाय गार पडलेत. मी म्हटलं, डॉक्टरांना सांगितलंत ना केमो चालू आहे म्हणून? तो गप्प. फाईल त्याच्या मांडीवरच्या पिशवीत होती, पण कोणी विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं, ताप तो ताप. फोन तिथल्या डॉक्टरांच्या कानाला लावायला सांगितला, मग सूत्रं हलली. ती वाचली. नऊ दिवस अतिदक्षता विभागात काढून. मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही, त्यांच्यासमोर त्या दिवशी साठ ताप बसलेले होते.

म्हणून फाईलच्या आत नको, वर चिकटवलेलं एक पत्र हवं. तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांच्या सही-शिक्क्याने, मराठीत आणि इंग्रजीत. मजकूर असा: ‘सदर रुग्णाची केमोथेरपी चालू आहे. शेवटची केमो दि. __ रोजी झाली. ताप १००.४ किंवा अधिक असल्यास पांढऱ्या पेशी घटल्याची शक्यता धरून ताबडतोब सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करून शिरेतून अँटिबायोटिक सुरू करावे. साथीच्या चाचणीच्या रिपोर्टसाठी उपचार थांबवू नयेत.’ खाली वॉर्डाचा फोन. तारीख दर केमोला पेन्सिलीने बदलायची. आणि दवाखान्याच्या दारात तोंड उघडायचं. ‘ताप आहे’ हे दुसरं वाक्य. पहिलं वाक्य ‘केमो चालू आहे’.

परभणीत रात्री-अपरात्री सीबीसी आणि शिरेतून अँटिबायोटिक कुठे मिळेल, हे या रविवारी शोधून ठेवा. सरकारीत काय, खासगीत काय, दोन्ही. त्या वेळी शोधायचं नसतं.

साथ खरंच वाढली तर काय, या प्रश्नाचं माझं उत्तर असं की आत्ता, रस्ते उघडे असताना, दुसरं दार करून ठेवा. संभाजीनगरचं पहिलं दार बंद पडलं तर केमो कुठे घ्यायची? आपल्या राज्यात काही जिल्हा रुग्णालयांत केमोची डे-केअर सोय झालेली आहे. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तर तीन वर्षांत सगळ्याच जिल्हा रुग्णालयांत अशी केंद्रं करण्याची घोषणा झाली. घोषणा आणि खाट यांत अंतर असतं, ते तुम्ही जाणता. म्हणून तुमच्या जवळ आज काय चालू आहे हे डॉक्टरांनाच विचारा. बार्शीला कॅन्सरचं जुनं रुग्णालय आहे, तेही अंतरात बसतं का बघा. दुसरीकडे औषध वेगळं देतील ही भीती फारशी बाळगू नका. २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिड नावाचं जाळं आहे, तीनशेहून जास्त केंद्रं त्यात आहेत, आणि कोणत्या कॅन्सरला काय द्यायचं याची त्यांची मार्गदर्शक तत्त्वं एकच आहेत. फक्त तिथल्या डॉक्टरांच्या हाती पूर्ण कागद पडला पाहिजे. औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कितवी केमो, मागच्या वेळी काय त्रास झाला. हे एका पानावर लिहून घ्या. मोबाईलमध्ये फोटो, आणि एक झेरॉक्स भावाकडे.

पैशाचं दार वेगळं असतं, त्यात बरेच जण अडकतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार चालू असतील तर मंजुरी त्या रुग्णालयापुरती असते. दुसरीकडे गेलात की ते रुग्णालय योजनेत, आणि कॅन्सरच्या उपचारांसाठी योजनेत, असायला हवं आणि मंजुरी पुन्हा घ्यावी लागते. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, त्यातलं किती वापरलं गेलं तेही रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाकडून, म्हणजे आरोग्यमित्राकडून, लिहून घ्या. तो काउंटरवर बसलेलाच असतो. नसला तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन करा. शिक्षक म्हणून तुमची वैद्यकीय बिलांच्या परतफेडीची सोय असेल तर तिची कागदपत्रं वेगळ्या पिशवीत ठेवा. दोन्हींची सरमिसळ झाली की दोन्ही अडतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय.

साथीत डॉक्टरही उपचार वाकवतात, तेवढी जागा त्यांना असते. २०२० मध्ये दर आठवड्याला द्यायची काही औषधं तीन आठवड्यांतून एकदा द्यायला सुरुवात झाली, म्हणजे फेऱ्या कमी. पांढऱ्या पेशी वाढवण्याचं इंजेक्शन जास्त जणांना देऊ लागले. नुसत्या तपासणीच्या भेटी फोनवर आल्या. फोनवरून सल्ला देण्याची नियमावलीही केंद्राने २५ मार्च २०२० ला, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, काढली होती. वहिनींना पुढे शेक लागले तर विचारा की पंचवीसऐवजी पंधरा बैठकांत होतील का. स्तनाच्या कॅन्सरमध्ये बऱ्याच जणींना ते चालतं. त्याच एप्रिलमध्ये ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात काही रुग्णांना पाचच बैठका, एका आठवड्यात, दिलेल्या होत्या. वहिनींना काय लागू पडेल ते त्यांच्या रिपोर्टवर ठरेल, पण परभणीहून जाणाऱ्या बाईसाठी पाच आठवडे खोली घेऊन राहणं आणि तीन आठवडे राहणं यात फरक आहे, आणि तो तुम्ही विचारल्याशिवाय कोणी आपणहून सांगेलच असं नाही.

प्रवासाचं थोडक्यात. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला उपचारासाठी जाताना रेल्वेची सवलत असते, रुग्णालयाच्या ठरावीक नमुन्यातल्या दाखल्यावर. मार्च २०२० मध्ये रेल्वेने बाकी बऱ्याच सवलती काढल्या तेव्हाही रुग्णांची ठेवली होती. दाखला आजच घेऊन ठेवा.

आता अण्णा.

तुम्ही मला सरळ विचारलंय, म्हणून सरळ लिहिते. ३० मार्च ते ऑक्टोबर, सहा महिने. त्या सहा महिन्यांनी काही बिघडलं नाही असं मी म्हणणार नाही, तुम्ही वर्गात रोज चाळीस पोरांचं खोटं पकडता. जगभरचे अभ्यास एकत्र करून २०२० च्या अखेरीस निघालेला एक निष्कर्ष आहे, की कॅन्सरच्या ऑपरेशनला दर चार आठवड्यांचा उशीर झाला की मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो. पण ती हजारोंची सरासरी आहे. तिच्यात एका माणसाचं नाव घालून उत्तर काढता येत नाही. ३० मार्चला पोचले असते तर अण्णा आज असते का, हे गणित तुम्ही पाच वर्षं सोडवताय आणि त्याला उत्तर नाही. आणि ३० मार्च तुमच्या हातात नव्हताच. जून होता, थोडासा. पण जूनमधली मुंबई आठवा. खाट मिळेना म्हणून माणसं रुग्णवाहिकेत फिरत होती, टीव्ही दिवसभर तेच दाखवत होता. साठीतला माणूस म्हणाला, मी जात नाही. त्याला उचलून नेणार होतात का? त्या वेळी तुमच्या घरात कोणी येऊन ‘थांबलात तर हे हाडात जाईल’ असं सांगितलं असतं तर चित्र बदललं असतं कदाचित. ते सांगायला माझ्यासारखीने फोन करायचा होता. तुमच्या अण्णांचं नाव आमच्या नसेल, पण अशाच कुठल्या तरी यादीत कोरं राहिलं असणार.

चेकपोस्टचं मी पुष्कळ वेळ घेऊन वाचलं. तुम्ही लिहिता, परत पाठवत होतो. त्या गाड्यांत एखादा कॅन्सरचा रुग्ण होता का, हे तुम्हाला माहीत नाही, आणि तेच खातंय. आदेशात वैद्यकीय कारणाला सूट होती. पण बॅरिकेडपाशी वैद्यकीय कारण म्हणजे काय दिसतं? कळा देणारी बाई, रक्ताने माखलेला माणूस, नळी लावलेला म्हातारा. कॅन्सरचा माणूस स्वतः खाली उतरतो, नमस्कार करतो, पाणी मागतो. त्याच्याकडे पाहून आज नाही गेला तर चालेल असंच वाटतं. त्याच्या कॅन्सरला सायरन नसतो. हे तुम्हाला कोणी शिकवलेलं नव्हतं. शाळेवरच्या मास्तरला भर उन्हात शिट्टी आणि रजिस्टर देऊन उभं केलं, आणि कोणाला सोडायचं हे मात्र एका कागदावरच्या दोन शब्दांवर सोडलं.

तुम्हाला हे हलकं करायचं असेल तर एक काम आहे, आणि ते तुमच्याइतकं चांगलं दुसरा कोणी करू शकणार नाही. गावात आणि शेजारच्या चार गावांत कॅन्सर, डायलिसिस, थॅलेसेमिया असे न थांबणारे उपचार घेणारे किती जण आहेत, याची आशाताईंबरोबर बसून एक वही करा. नाव, कुठे जातात, किती दिवसांनी जातात, सोबत कोण. ती वही ग्रामसेवकाकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात असू द्या. उद्या जिल्ह्यात पुन्हा कसले निर्बंध लागले तर तहसीलदारांकडे जाऊन आदेशात ‘केमोथेरपी, रेडिएशन, डायलिसिस’ हे शब्द लिहून घ्यायला सांगा. ‘वैद्यकीय कारण’ एवढ्याने चेकपोस्टवरच्या माणसाला काही कळत नाही, हे तुम्ही तिथे उभं राहून अनुभवलेलं आहे. वहीतल्या प्रत्येकाला रुग्णालयाच्या शिक्क्याचं मराठी पत्र मिळवून द्या, ज्यावर पुढच्या चार तारखा लिहिलेल्या असतील. २०२० मध्ये पोलीस इंग्रजी फाईल चाळत बसले नाहीत, शिक्का आणि तारीख बघून सोडलं, असं आमच्याकडे पोचलेले कितीतरी जण सांगायचे.

एक गोष्ट राहिली. तुमच्या पत्रात भावाचं मत आहे, आईचं आहे, अण्णांचं होतं तेही आहे. वहिनींचं नाही. त्यांना थांबायचंय का? की केमोच्या उलट्यांना त्या कंटाळल्यात आणि घरातलं हे ‘थांबू’ त्यांना सुटकेसारखं वाटतंय? तसं असेल तर डॉक्टरांना सांगा, उलटीची औषधं बदलता येतात, वाढवता येतात. सोसत बसू नका म्हणावं. की त्यांना जायचंय आणि सासूसमोर बोलता येत नाही? आज रात्री विचारा, आई झोपल्यावर. आणि चेकपोस्टची गोष्ट मला पत्रात लिहिलीत, ती त्यांनाही सांगा.

भावाशी वाद घालू नका. त्यानेही वडील गमावलेत, आणि त्याच्या मनात दवाखाना आणि अण्णा एकत्र चिकटलेले आहेत. त्याला काम द्या. बुधवारची गाडी त्याने चालवायची, काचा थोड्या उघड्या ठेवून. थर्मामीटर त्याने आणायचा, आणि केमोनंतरच्या सातव्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत त्याने लिहायचा. तिसऱ्या केमोच्या दिवशी ती आठवड्यांची ओळ डॉक्टरांकडून लिहून घेतलीत की मला कळवा, त्यांनी काय आकडा घातला ते.

– तुमची ताई